एका तुकडीच्या तीन जन्मतारखा: ४३३ एअरलिफ्ट विंगचा इतिहास कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सॅन अँटोनिओत राहतात. त्यांच्या शेजारचे आजोबा १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९८५च्या पुढेपर्यंत तिथल्या ४३३ एअरलिफ्ट विंगमध्ये होते. ही अमेरिकेच्या राखीव हवाई दलातली मालवाहू विमानांची तुकडी. आजोबांच्या नातवंडांसाठी एक छोटी पुस्तिका करायची आहे. पण तुकडीची स्थापना कुठे १९४३ दिसते, कुठे १९४९, कुठे १९५५. कुणी न्यू गिनी म्हणतं, कुणी क्लीव्हलँड, कुणी टेक्सस. एका नातेवाइकांनी तर ही तुकडी महायुद्धात आसामात होती असं सांगितलं. यातलं खरं काय धरायचं, आणि आजोबांच्या कागदांत इतकी कमी माहिती का, हे त्यांना हवं आहे.

तिन्ही वर्षं खरी आहेत. आसाम मात्र दुसऱ्या तुकडीचं आहे. त्याच्याकडे पुढे येते.

गेली बरीच वर्षं मी हवाई दलांच्या जुन्या तुकड्यांच्या नोंदी लावण्याचं काम करते आणि माझ्याकडे येणारी बहुतेक विचारणा कुटुंबांकडूनच असते. त्यात हा घोळ सर्रास दिसतो. त्याचं मूळ तारखांत नाही. ‘तुकडीचा इतिहास’ म्हणताना आपण चार गोष्टी एक समजतो: क्रमांक, माणसं, तळ आणि विमानं. नियमित सैन्यात हे एक समजणं फारसं अंगाशी येत नाही, कारण तिथे माणसं दर काही वर्षांनी बदलीवर जातात आणि तुकडीला धरून ठेवतो तो तिचा क्रमांक आणि झेंडा. राखीव तुकडीचं उलटं असतं. तिथला मेकॅनिक किंवा लोडमास्टर (विमानात माल भरणारा-उतरवणारा) त्याच शहरात राहतो, तिथेच नोकरी करतो आणि वीस-पंचवीस वर्षं त्याच धावपट्टीवर येतो. मधल्या काळात क्रमांक बदलतो, विमान बदलतं, वरची कमांड बदलते. म्हणून राखीव तुकडीचा इतिहास लिहिताना मी आधी गाव आणि माणसं धरते, क्रमांकाकडे नंतर वळते. सरकारी वंशावळ नेमकी उलट क्रमानं लिहिलेली असते, आणि तुम्ही वाचलेली पानं तिच्यावरून उतरवलेली आहेत.

आधी क्रमांकाची गोष्ट उरकू.

१९४३च्या फेब्रुवारीत ४३३ ट्रूप कॅरियर (म्हणजे सैनिक वाहून नेणारा) ग्रुप उभा राहिला. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस तो न्यू गिनीत पोर्ट मोर्सबीला पोचला आणि पाचव्या हवाई दलाखाली सी-४७ विमानं उडवू लागला. तिथे रस्ते जवळजवळ नव्हते आणि मध्ये ओवेन स्टॅनलीची डोंगररांग उभी होती. सैनिक, दारूगोळा, अन्न पुढे न्यायचं आणि जखमींना मागे आणायचं, हे सगळं विमानांवर होतं. पुढे बियाक बेट, फिलिपिन्स आणि शेवटी जपान असा त्याचा प्रवास झाला. १५ जानेवारी १९४६ला तो बंद करण्यात आला. ही सगळी युद्धकाळातली नियमित भरती होती, राखीव दलाशी तिचा काही संबंध नव्हता.

लक्षात घ्या, हा ‘ग्रुप’ होता. ‘विंग’ ही त्याच्यावरची, तळ चालवणारी मोठी रचना. ४३३ क्रमांकाची विंग कागदावर आली १० मे १९४९ला, आणि २७ जून १९४९ला ती ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या विमानतळावर राखीव तुकडी म्हणून सुरू झाली. त्याच दिवशी जुना ग्रुपही तिच्या हाताखाली पुन्हा जिवंत केला गेला. अमेरिकी हवाई दलाचा नियम असा, की समान क्रमांकाच्या ग्रुपचा युद्धकाळातला इतिहास आणि मानचिन्हं विंगला वापरायला देता येतात. त्यामुळे विंगच्या माहितीपत्रकात न्यू गिनी येतं. १९४३ ही ग्रुपची तारीख, १९४९ ही विंगची. पुस्तिकेत दोन्ही द्या, पण कोणती कुणाची ते त्याच वाक्यात लिहा.

आता क्लीव्हलँड. माझ्या मते या तुकडीच्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे, म्हणून इथे जरा थांबते.

१९४९मध्ये तिथे जमलेली बरीचशी मंडळी महायुद्धातून परतलेली होती. नोकऱ्या लागल्या होत्या, लग्नं झाली होती, आणि शनिवार-रविवारी ते सी-४६ विमानांवर सराव करत होते. जून १९५०मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. पुढच्या काही महिन्यांत राखीव हवाई दलाच्या सगळ्या पंचवीस विंग्ज टप्प्याटप्प्यानं बोलावल्या गेल्या. त्यांपैकी कित्येक आल्या आल्या मोडल्या गेल्या आणि त्यांची माणसं दुसऱ्या तुकड्यांतल्या रिकाम्या जागा भरायला सुटी सुटी पाठवली गेली. वर्षानुवर्षं एकत्र सराव केलेल्या माणसांना असं विखुरणं हा मोठाच अन्याय होता, आणि त्या कडवटपणातूनच पुढे राखीव तुकड्या अखंड बोलावण्याचा आग्रह वाढत गेला, असं मला वाटतं.

४३३ मात्र अखंड राहिली. १५ ऑक्टोबर १९५०ला तिला हुकूम आला आणि ती साऊथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल तळावर गेली, ज्याचं नाव पुढे डोनाल्डसन झालं. तिथे सी-११९ विमानं आली. ऑगस्ट १९५१मध्ये विंग जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या ऱ्हाइन-माइन तळावर पोचली. लढाई चालू होती कोरियात आणि यांना पाठवलं युरोपात, याचं अनेकांना नवल वाटतं. पण कोरिया ही फसवी चाल असून खरा हल्ला पश्चिम युरोपवर होईल, ही भीती त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये खरोखर होती. युरोपात सैन्य हलवायला मालवाहू विमानं तयार ठेवणं हे या विंगचं काम होतं.

१४ जुलै १९५२ला विंग बंद झाली. ऑक्टोबर १९५० ते जुलै १९५२, बरोबर एकवीस महिने. राखीव माणसांना बोलावण्याची मुदतच तेवढी होती. तळ, विमानं आणि काम ३१७ क्रमांकाच्या नियमित विंगकडे गेलं आणि क्लीव्हलँडची माणसं घरी परतली. ४३३ हा क्रमांक त्यांच्याबरोबर परत गेला नाही. त्या शहराचा या क्रमांकाशी असलेला संबंध तिथेच संपला.

१८ मे १९५५ला तोच क्रमांक सॅन अँटोनिओत ब्रूक्स तळावर नव्या राखीव विंगला मिळाला. टेक्ससमधल्या या माणसांचा क्लीव्हलँडशी किंवा न्यू गिनीशी काही संबंध नव्हता. हे समजायला आपल्याकडचं दत्तकविधान डोळ्यांसमोर आणा. दत्तक आलेल्या मुलाला घराण्याचं नाव, कुळाचार आणि पूर्वज सगळे कायद्यानं मिळतात, रक्त वेगळं असलं तरी. सॅन अँटोनिओच्या विंगेचा न्यू गिनीवर हक्क आहे तो असा. आजोबा ‘आमची तुकडी न्यू गिनीत लढली’ म्हणत असतील तर ते बरोबरच बोलतात. पुस्तिकेत मात्र नातवंडांना असं वाटायला नको की आजोबांना शिकवणारे लोक न्यू गिनीहून आले होते.

आसामचा उलगडा इथेच करते. महायुद्धात आसाममधल्या सुकेरेटिंगच्या धावपट्टीवर, दुमदुमाच्या परिसरात, होता तो ४४३ ट्रूप कॅरियर ग्रुप. तो दहाव्या हवाई दलाखाली ब्रह्मदेशातल्या सैन्याला रसद पुरवत होता. ४३३ आणि ४४३, दोन्ही ट्रूप कॅरियर, दोन्हींकडे सी-४७, आणि गंमत म्हणजे ४४३ क्रमांकाची राखीव विंगही १९४९मध्ये सुरू झाली, तीही टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या हेन्स्ली फील्डला. मधला आकडा इकडचा तिकडे झाला की माणूस एका महासागरातून दुसऱ्या खंडात जातो. भारतीय वाचकाला आसामचा धागा हवाहवासा वाटणं स्वाभाविक आहे, पण तो या तुकडीचा नाही. नातेवाइकांच्या घरात कुणी खरोखर आसामात असेल तर त्यांचा कागद वेगळा पाहावा लागेल, तिथे ४४३ सापडण्याची शक्यता बरीच.

इथपर्यंत क्रमांक झाला. १९५५पासून पुढे मात्र क्रमांक, गाव आणि माणसं एकत्र आली आणि ती आजही एकत्र आहेत. तुमच्या पुस्तिकेचा गाभा इथून सुरू होतो.

राखीव दल म्हणजे काय हे नातवंडांना आधी सांगावं लागेल. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे, हे किमान. भारतातल्या टेरिटोरियल आर्मीसारखी कल्पना, पण विमानं चालवायची असल्यानं वैमानिक आणि क्रू यांना सराव टिकवण्यासाठी याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो. शिवाय विमानाला दररोज देखभाल लागते, ती काही सुट्टीच्या दिवसापर्यंत थांबत नाही. म्हणून १९५८मध्ये ‘एअर रिझर्व्ह टेक्निशियन’ ही पद्धत सुरू झाली: आठवडाभर तळावर सरकारी नागरी कर्मचारी म्हणून नोकरी, आणि त्याच तुकडीत राखीव सैनिक म्हणून गणवेश. अशा तुकड्यांचा कणा हीच माणसं. आजोबा तळावर रोज कामाला जात असतील तर ते टेक्निशियन होते का, हे पहिल्यांदा विचारा. त्या एका उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून आहे, कारण त्या कर्मचाऱ्याच्या नोंदी दोन ठिकाणी असतात, नागरी नोकरीच्या वेगळ्या आणि लष्करी वेगळ्या.

ब्रूक्सचं काम पुढे हवाई वैद्यकाच्या संशोधनाकडे वळलं, तिथलं उड्डाण थांबलं, आणि नोव्हेंबर १९६०मध्ये विंग शहराच्या दुसऱ्या बाजूच्या केली तळावर गेली. विमान तेच, दोन शेपटदांड्यांचं सी-११९. याच विमानांच्या काळात आजोबांच्या पिढीनं क्युबाचा पेचप्रसंग पाहिला. रविवार २८ ऑक्टोबर १९६२ला राखीव दलाच्या आठ ट्रूप कॅरियर विंग्ज बोलावल्या गेल्या, १४,२२० माणसं आणि ४२२ विमानं. त्यांत ४३३ नव्हती. क्युबावर चाल करायची वेळ आलीच, तर छत्रीधारी सैनिक आणि रसद उतरवायला ही विमानं लागणार होती. त्याच रविवारी ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढून घेण्याची घोषणा केली. महिन्याभरानं, २८ नोव्हेंबरला, बोलावलेले सगळे सुटले. ४३३ला बोलावणं आलं नाही, तरी हा महिना आजोबांना आठवत असेल. तळावर काय बोलणं होतं, नोकरीवर आणि घरी काय सांगितलं, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. 

१९६०च्या दशकातल्या कागदांबद्दल एक सूचना. १९६३च्या जानेवारीत राखीव विंग्जच्या खाली नवे ग्रुप काढले गेले आणि केलीवरच्या ग्रुपना ९२१, ९२२ असे नऊशेच्या घरातले क्रमांक मिळाले. आजोबांच्या एखाद्या हुकमावर ४३३ऐवजी हा क्रमांक दिसला तर ते दुसरीकडे बदलून गेले असं समजू नका. तळ पाहा. केली असेल तर माणूस जागचा हललेला नाही, वरची पाटी बदलली आहे. अशा वेळी स्क्वॉड्रनचा, म्हणजे ग्रुपच्या खालच्या, प्रत्यक्ष विमानं उडवणाऱ्या तुकडीचा, क्रमांक जास्त भरवशाचा. ६८ क्रमांकाची स्क्वॉड्रन न्यू गिनीच्या काळापासूनची आहे आणि सॅन अँटोनिओत आजही उडते.

१९७१मध्ये सी-१३० आलं. त्यावर फार लिहीत नाही, ते विमान जगभर परिचित आहे आणि आपल्या हवाई दलाकडेही त्याची नवी आवृत्ती आहे. महत्त्वाचं वळण आलं १९८५ला, विंगला सी-५ मिळालं तेव्हा. राखीव दलात ते मिळालेली ही पहिली विंग. सुमारे ७५ मीटर लांबीचं, नाक वर उचलून पुढून आणि दार उघडून मागून, दोन्हीकडून माल भरता येणारं हे विमान. सी-१३० आघाडीजवळच्या छोट्या, कच्च्या धावपट्टीवर उतरतं, तर सी-५ खंडाखंडांमधली वाहतूक करतं. तीच माणसं चाळिशी-पन्नाशीत संपूर्ण नवं काम शिकली. आजोबा त्यांत असतील तर पुस्तिकेचं सगळ्यात मोठं प्रकरण तेच करा.

पण ही विमानं केलीवरच का आली? तळाचा इतिहास पाहिला की उत्तराचा काही भाग तरी दिसतो. केली हा १९१७पासूनचा तळ, आणि तिथेच हवाई दलाचा प्रचंड दुरुस्ती डेपो होता, ज्यात सी-५ची मोठी देखभाल होत असे. त्या विमानाची नाडी ओळखणारे कारागीर शहरात होते, हँगर होते, सुटे भाग होते. राखीव तुकडीचं बळ आजूबाजूच्या शहरात असतं ते असं.

२९ ऑगस्ट १९९०बद्दल लिहिताना काळजी घ्या. कुवेतवर इराकनं आक्रमण केल्यावर आखातात सैन्य नेण्याची घाई होती. मध्यरात्रीनंतर जर्मनीतल्या रामस्टाइन तळावरून एक सी-५ उडालं आणि क्षणार्धात कोसळलं. उड्डाण होताच एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर वेग कमी करायला जोर उलटा फिरवणारी यंत्रणा, हवेतच उघडला होता. विमानातल्या १७ जणांपैकी १३ गेले. वाचलेले चौघेही मागच्या वरच्या प्रवासी कक्षात होते. क्रू याच विंगच्या ६८ स्क्वॉड्रनचा होता. क्रूपैकी एकच जण वाचला आणि इतरांना बाहेर काढल्याबद्दल त्याला एअरमन्स मेडल मिळालं.

हा अपघात शोधताना लोक चकतात, कारण विमान सॅन अँटोनिओचं नव्हतं. ते कॅलिफोर्नियातल्या ट्रॅव्हिस तळाच्या ६० क्रमांकाच्या विंगचं होतं. विमानाच्या नोंदी एका तळावर, माणसांच्या दुसऱ्या, आणि घटना तिसऱ्या देशात. विमानानुसार लावलेल्या यादीत ही घटना ट्रॅव्हिसखाली सापडते आणि ४३३च्या खाली शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही. मालवाहू दलात विमानं आणि क्रू असे सतत अदलाबदलीनं जातात, म्हणून माणूस शोधायचा असेल तर विमानाचा क्रमांक धरून कधीच सुरुवात करू नका. आजोबा तेव्हा निवृत्त झाले असले तरी त्या क्रूमधल्या माणसांना ओळखत असण्याचा संभव आहे. त्यांनी स्वतः विषय काढला तरच लिहा.

१९९५मध्ये केली तळ बंद करायचं ठरलं आणि २००१मध्ये तो बंद झाला. डेपो गेला, धावपट्टी शेजारच्या लॅकलँडला जोडली गेली, आणि विंग तिथेच राहिली. २०१६पासून तिच्याकडे नव्या इंजिनांची सी-५एम आवृत्ती आहे, आणि सी-५च्या क्रूचं औपचारिक प्रशिक्षण हीच विंग देते. म्हणजे नियमित हवाई दलाची मुलं राखीव दलाच्या शिक्षकांकडून हे विमान शिकतात. ‘अर्धवेळ सैनिक’ म्हणून या लोकांकडे पाहणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

आता कागद. आजोबांकडे डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा कागद एकच, किंवा फार त्रोटक असेल. त्यात काही गडबड नाही. हा कागद सक्रिय सेवेच्या कालावधीसाठी निघतो. शनिवार-रविवारच्या सरावासाठी नाही. तीस वर्षं राखीव दलात घालवलेल्या माणसाचा खरा आलेख त्याच्या निवृत्तिगुणांच्या तक्त्यात असतो, ज्यात वर्षागणिक किती दिवस सेवा झाली ते नोंदलेलं असतं. आजोबा निवृत्तिवेतन घेत असतील तर तो तक्ता कुठेतरी आहेच.

वैयक्तिक नोंदी सेंट लुईसच्या राष्ट्रीय केंद्रात असतात. १२ जुलै १९७३ला तिथे भीषण आग लागली. २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात सेवामुक्त झालेल्या हवाई दलाच्या लोकांपैकी, वर्णानुक्रमात ‘हबर्ड’ या आडनावानंतर येणाऱ्यांच्या सुमारे तीन चतुर्थांश फायली तिच्यात गेल्या. आजोबा १९८५नंतर बाहेर पडले, त्यामुळे त्यांना ही झळ नसावी. पण क्लीव्हलँडच्या काळातल्या कुणाचा शोध घ्यायची वेळ आली तर आधी हे आडनाव तपासा आणि फाइल नाहीच मिळाली तर तुकडीचे रोजचे मॉर्निंग रिपोर्ट (माणसांच्या हजेरी-बदल्यांच्या नोंदी) आणि त्या वेळची स्थानिक वृत्तपत्रं पाहा. राखीव तुकडी शहराची असते, त्यामुळे वृत्तपत्रांत नावं आणि छायाचित्रं अनपेक्षितपणे भरपूर मिळतात.

तुकडीचा स्वतःचा इतिहास अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या ऐतिहासिक संशोधन संस्थेत आहे. विंग्जच्या इतिहासकारांनी ठराविक मुदतीनं लिहिलेले अहवाल तिथे जमा होतात. अहवाल मागवताना ४३३ विंग, त्या काळचा ग्रुप आणि ६८ स्क्वॉड्रन अशी तीन नावं द्या, नुसती विंग लिहिली तर अर्धं हाती लागतं.

माझा क्रम विचाराल तर असा: आधी आजोबांशी बोलणं, आणि तेही विमानांच्या क्रमानं, कारण सी-११९वर असताना काय झालं हे माणसाला १९६४मध्ये काय झालं यापेक्षा चटकन आठवतं. त्यांच्याकडची छायाचित्रं, गणवेशावरचे बिल्ले आणि जुने हुकूम तेव्हाच बाहेर काढा, मागे तारीख आणि तळ लिहून ठेवा. मग गुणांचा तक्ता. सेंट लुईसचा अर्ज त्यांच्या हयातीत त्यांच्याच सहीनं करा. नंतर तो निकटच्या नातेवाइकालाच करावा लागतो आणि शेजाऱ्याच्या हातात काही राहत नाही. मॅक्सवेलचे अहवाल सगळ्यात शेवटी, आजोबांनी सांगितलेल्या वर्षांपुरतेच मागवा. पुस्तिकेची सुरुवात १९५५च्या ब्रूक्सपासून करा आणि न्यू गिनी व क्लीव्हलँड यांना मागच्या बाजूला दोन-तीन पानांचं स्वतंत्र प्रकरण द्या. आजोबांच्या हुकमांवर ९२१, ९२२ किंवा आणखी कुठला क्रमांक निघाला तर तो आणि त्यावरचा तळ इथे लिहा, मी लावून देईन.